मागच्या खोलीची भिंत

अण्णा,

तुमच्या नातीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्या घरात कुणी कधी बसून ठरवलं नाही. ते तसंच असतं. जपानहून धारला यायची तिची सगळी तयारी झाली होती, डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, तिकीट काढलं होतं. आणि तेवढ्यात मागच्या खोलीची भिंत तडकली. तुम्ही असता तर तुमच्यावरच ओरडले असते. नाही आहात, म्हणून लिहिते आहे.

धक्का तरी कसला! डब्यांची झाकणं वाजली, कुत्री भुंकली, संपलं. शेजारच्या भाभी ओट्यावरून म्हणाल्या, ‘कुछ नी दीदी, ट्रक निकला होगा.’ मी मागे जाऊन पाहते तर खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट छतापर्यंत भेग, बोट जाईल एवढी. खाली बाळंतिणीची खाट मांडायची जागा. याच खाटेवर मी हिला घेऊन पडले होते. आठवतं ना तुम्हाला? तेव्हाही जमीन हलली होती. आई ‘राम राम’ करत उभी, आणि तुम्ही बाळाला उचलून नुसत्या धोतरावर अंगणात. संध्याकाळी तुम्ही गवंड्याला बोलावता, दारांच्या वरून घरभर लोखंडाची पट्टी फिरवायची म्हणता, तो म्हणतो भिंती खोलाव्या लागतील. पण बारसं तोंडावर आलेलं, देवासचे व्याही येणार. मी म्हटलं, माणसं कमी बोलवा, आधी भिंतीचं बघा. केवढे चिडलात माझ्यावर! ‘पहिली नात आहे, लोकांनी काय भिंत चाटायची का?’ मग पट्टीचं राहिलं. भेगेत पुट्टी भरली, वर गुलाबी रंग दिला, पंगती उठल्या. व्याही म्हणाले, घर छान ठेवलंय. पुढे तुमच्यामागे आम्ही इथे राहायला आलो आणि त्याच भिंतींवर वरचा मजला चढवला, तेव्हा मलाही पट्टी आठवली नाही.

मी तुम्हाला दोष देत नाही. म्हणजे देते, पण रात्री देते आणि सकाळी परत घेते. ज्याला दोन्ही परवडतं त्याला बारसं की भिंत असं निवडावं लागत नाही. ही तिथे नवव्या मजल्यावर राहते. परवा व्हिडिओवर बोलता बोलता तिचा फोन कर्कश ओरडायला लागला, आणि मग म्हणते, ‘आई, एक मिनट हं, हिल रहा है.’ जमीन हलायच्या आधी फोन सांगतो, अण्णा! पोट सांभाळत टेबलाखाली बसली. दिवा झोके घेतोय, मी इकडे किंचाळतेय. एक बाटली पडली. मग उठून गॅस बघून आली आणि म्हणाली, ‘हां, तर डिंकाचे लाडू घरीच करशील ना?’ त्यांची जमीन आपल्यापेक्षा कितीतरी वाईट. आपली बिचारी कधीतरी कूस बदलते. पण त्यांच्याकडे पैसा आहे, म्हणून घर बांधताना तपासायला माणूस येतो, जुन्या भिंती मजबूत करायला सरकार हात लावतं, शाळेतली पोरं टेबलाखाली शिरायचा सराव करतात. तिथेही घरं पडतात, माणसं जातात, मला माहीत आहे. पण तिथे पडलेलं पुन्हा उभं राहतं. आपल्याकडे पटवारी येऊन पंचनामा करतो आणि मग माणसं ताडपत्रीखाली पुढचा पावसाळा काढतात.

इंजिनियरला बोलावलं होतं. भला मुलगा, खोटं नाही बोलला. ‘मैडम, ऊपर का माला उतारो, चारों तरफ पट्टी डालो, तब भरोसा. नहीं तो पुट्टी भरवा लो, दिखेगी नी.’ मी विचारलं, ‘और फिर आया तो?’ तो हसला. ‘पूरे धार में किसका घर अलग है, मैडम?’ खरंच कुणाचं? दुसरं घर भाड्याने बघितलं, तेही तसंच. नर्सिंग होम बघायला गेले तर चार मजले बारीक खांबांवर उभे, खाली सगळं पार्किंग. मीच तिकडे जावं म्हटलं, तर यांना आठवड्यातून दोनदा इंदूरला डायलिसिससाठी न्यावं लागतं, आमची सगळी पुंजी तिथेच जाते. हे म्हणतात, ‘करोडो लोक राहतात ना असेच?’ राहतात. त्यांच्या मुली माहेरी येतातही. मला तेवढी छाती नाही. देवासमोर बसले तरी नजर वर छताकडे जाते. कुणाच्या हातापाया पडू, अण्णा? जमिनीच्या, की सरकारच्या?

काल मी तिला फोन केला आणि सांगितलं, माझे गुडघे गेलेत, तुझं करणं मला झेपणार नाही, तू नको येऊस. भिंतीचं सांगितलं असतं तर ती हट्टाने आली असती, तुमचीच नात. ती म्हणाली, ‘ठीक है आई. आराम कर.’ जावई सोडले तर आपलं कुणी नाही, तिथे परक्यांच्यात बाळंत होईल ती, आणि आईला आपण जड झालो असं समजेल. पण जिवंत राहील. खरं म्हणजे हे सगळं तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहून कुठल्या पेटीत टाकणार आहे मी?

एकच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून. तिने तिकीट रद्द केलं का, हे मी अजून विचारलेलं नाही. तिने माझं ऐकलं नसेल, अशी मी आशा करते आहे.