मगनच्या नावाची मूठ

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

कापडणे, जि. धुळे
१५ जुलै २०२४

चि. मगन यास ज्ञानेश्वरचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे नाव तुला परकं वाटेल. तुला वाढवलं त्या तारादेवींनी फोनवर सांगितलं की तुझं नाव रोनक आहे, मेहरूणला राहतोस, कापडाचं दुकान आहे. माझ्यासाठी तू मगनच. फोन पुष्पानं, म्हणजे तुझ्या वहिनीनं घेतला, कारण वैशाखात माझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. माझा मुलगा भूषण मोबाईलवर लिहा म्हणतो, पण माझ्या अंगठ्याखाली चार अक्षरं एकदम दबतात. म्हणून पत्र.

ज्ञानचंद शेटजी वारल्यावर तारादेवींनी तुला सगळं सांगून टाकलं, हे बरं केलं. तरी माझ्याकडूनही ऐक. तुझ्या जन्माच्या वेळी आई गेली. आपले वडील ज्ञानचंद शेटजींचा ट्रक चालवायचे. तारादेवींचं तान्हं तेव्हाच गेलं होतं, त्यांनी तुला पाजलं. दीड वर्षानं वडील घाटातल्या अपघातात गेले. शेटजी धुळ्याचा धंदा आवरून निघाले आणि तुलाही घेऊन गेले. चुडामणकाकांनी हो म्हटलं, त्यांच्या घरात आधीच खाणारी तोंडं पुष्कळ. मी नऊ वर्षांचा होतो. जीपच्या मागे पळालो. तुम्ही कुठे गेलात ते मला कुणी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू दळायचे, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायच्या आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे. परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत. मेलेल्याच्या नावाची मूठ घालत नाहीत. भाऊबंद दरवर्षी म्हणत, मगनची मूठ सोड, तो आहे की नाही कुणाला ठाऊक. मी सोडली नाही. तुझ्या वाटचा रोट मीच खात आलो. गावात खादाड म्हणून माझं नाव आहे, ते तुझ्यामुळे.

यंदा माझ्या नाकात नळी आहे, दूधसुद्धा तिच्यातूनच जातं. डॉक्टर पुढचं सांगताना पुष्पाकडे बघतात, माझ्याकडे बघत नाहीत. रविवारी ११ ऑगस्टला ये आणि तुझा रोट तू खा. मला दुसरं काही नको.

लोभ होताच, तो ठेवायला आता माणूस सापडला.

तुझा भाऊ,
ज्ञानेश्वर


मेहरूण, जळगाव
२६ जुलै २०२४

श्रीमान ज्ञानेश्वरजी यांस स. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्हाला काय म्हणावं ते कळत नाही, म्हणून वरचा मायना दुकानाच्या पत्रासारखा झाला. माफ करा.

माझी मुलगी पलक हिला नवे काका मिळाल्याचा आनंद आहे. मला मात्र राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते समजत नाही. माँवर काढवत नाही, ती रोज विचारते की कधी जाणार. रोट मी कधी पाहिलेलासुद्धा नाही. तुम्ही घरातला माणूस म्हणून पाटावर बसवणार, आणि मी तसा निघालो नाही तर, याची भीती वाटते.

तरी येईन. मगन म्हणून हाक मात्र कुणी मारू नये. माझं लक्ष जाणार नाही आणि तुम्हाला वाईट वाटेल.

ओळख नवी आहे, सांभाळून घ्यावं.

रोनक


कापडणे
१३ ऑगस्ट २०२४

चि. मगन यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले, कारण शिव्या लिहायला पुष्पा कागद देणार नाही.

तू दारातून आत आलास आणि मला वडिलांची चाल दिसली. पुष्पालाही मी खुणेनं दाखवली. मग दिवे लागले, आरती झाली, ताट वाढलं. तुझ्या रोटाशेजारी मी माझाही ठेवला, कारण मला गिळवत नाही आणि दुसऱ्या कुणाला द्यायला जीव होईना. खा म्हणून खूण केली. तू हात जोडलेस आणि तसाच बसून राहिलास. आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मग लांब जायचंय म्हणून उठलास.

चुडामणकाका सगळ्यांदेखत म्हणाले, हाऊ आपला नही शे, म्हणजे हा आपला नाही. आवाज असता तर मी भांडलो असतो, पण गळ्यातून नुसता वारा आला. त्यात पुष्पा ताट उचलायला गेली तर दोन्ही रोट नाहीत. कुत्र्यानंच नेले असणार. काकांनी सांगून टाकलं की पुढच्या वर्षीपासून मगनची मूठ बंद. इतकी वर्षं मी त्यांच्याशी वाद घातला, आता घालायला तोंडच उरलं नाही.

मगन, मी मरायला भीत नाही असं भेटायला येणाऱ्यांना पाटीवर लिहून दाखवतो. ते खोटं आहे. मी फार भितो. तू एक घास खाल्ला असतास तर जरा कमी भ्यालो असतो.

आता आणखी काय मागू? खुशाल राहा.

ज्ञानेश्वर


मेहरूण, जळगाव
१६ ऑगस्ट २०२४

ती. भाऊ यांस शि. सा. न. वि. वि.

कुत्र्याला बोल लावू नका. रोट मी नेले.

सूर्य मावळला की आमच्या जैन घरात अन्न नाही, पाणीही नाही. लहानपणापासून मी अंधार पडल्यावर घास घेतलेला नाही, आणि हा तर चातुर्मास. जेवण दुपारी असेल असं मी धरून चाललो. ताट आलं तेव्हा दिवस गेला होता. सांगायला हवं होतं. पण तुमच्या नाकातली नळी, खा म्हणणारा तुमचा हात आणि माझ्या तोंडाकडे बघणारी सगळी भाऊबंदकी, यांच्यापुढे सूर्याचं कारण मलाच क्षुल्लक वाटलं. सगळे मला पोचवायला अंगणात निघाले, तेवढ्यात मी दोन्ही रोट रुमालात बांधले.

सकाळी माँसमोर रुमाल सोडला. रात्र ओलांडलेलं अन्नही आम्हाला वर्ज्य आहे, आणि ते मला तिनंच शिकवलंय. ती उठून आत गेली. मग दूध तापवून आणलं आणि म्हणाली की खा, याचं पाप लागलंच तर मला लागेल, तुला तिथून आणणारी मी. मी तिच्यापुढे तुकडा धरला, तर हात मागे घेतला. परक्याच्या तोंडी जाऊ नये ना, म्हणाली. तिनं स्वतःला परकी म्हटलं आणि मला रडू आवरेना.

दोन्ही खाल्ले, भाऊ. तुमचाही. चिवट झाले होते, तरी कणभर ठेवलं नाही.

काकांना सांगा. मूठ बंद करू नका. रागावलात तरी पत्र पाठवत राहा.

तुमचा धाकटा,
रोनक


कापडणे
२० ऑगस्ट २०२४

चि. रोनक यास अनेक आशीर्वाद.

मगन लिहिलं नाही, बघ. ज्यानं ते रोट खाल्ले त्याचं नाव रोनक आहे. तारादेवींना माझा साष्टांग नमस्कार सांग. परकं कुणाला म्हणायचं ही रीत आमची, आणि ती आमच्यापेक्षा त्यांनीच नीट पाळली.

तुझं पत्र भूषणनं काकांच्या ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. काकांनी आधी सुपारी कातरली. मग म्हणाले की पुढच्या साली ताटं दिवस असतानाच वाढायची. कानबाईला चालेल का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, तिले काय घड्याळ शे.

काल नळी बदलली. फार हाल झाले. पुढचा श्रावण लांब आहे, आणि मी भोळा नाही. रीत तुला ठाऊक आहे, मेलेल्याच्या नावाची मूठ घालत नाहीत. माझ्यासाठी ती मोडू नका, असं मी पुष्पाला लिहून दिलंय. तेव्हा पुढच्या वर्षी तुझ्या ताटात एकच रोट आला, तर वहिनीला काही विचारू नकोस. ऊन आहे तोवर खाऊन घे.

तुझा,
भाऊ