फोटोंच्या कडा कातरू नयेत

मी, कुमुद उदयसिंह मोहिते, वय वर्षे बहात्तर, राहणार जुने पनवेल, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. मुलांना शंका असल्यास त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

१. राहता फ्लॅट व बँकेतल्या ठेवी मुलगा अपूर्व आणि मुलगी अनुया यांनी समान वाटून घ्याव्यात. भांडू नये.

२. दागिने अनुयाला. मिक्सर कोणालाही देऊ नये, तो शॉक देतो.

३. माझे कॅमेरे आणि निगेटिव्हच्या पेट्या अनुयाला. अपूर्वला का नाही, तेही लिहून ठेवते. रस्त्यावर काढलेल्या माझ्या फोटोंचं प्रदर्शन भरवताना त्याने मला न विचारता कडा कातरल्या. म्हणे, "आई, कॉम्पोझिशन बिघडत होतं. कडेला उगाच कुणाचा तरी कोपर, कुणाची पिशवी." अरे गाढवा, कुणाचा तरी? तुझ्या बापाचा कोपर तो!

ह्यांचा जन्म स्टुडिओत, कॅमेऱ्यामागे गेला. रस्त्यात मी कॅमेरा डोळ्याला लावला की हे सवयीनेच बाजूला सरकायचे. मी भिंत, ऊन, सावली बघून चौकट धरायची आणि कुणी आत येईल म्हणून थांबायची. हे कडेला भाजीची पिशवी घेऊन उभे. मोरा बंदरावर मासे विकणारी शांती ओरडायची, "बाय, तुजा मालक परत पलाला बग!" सगळं बंदर हसायचं. ह्यांचे स्टुडिओतले फोटो आहेत, पण ते ताठ मानेचे, ओठ मिटलेले. माझ्याबरोबर चालणारा माणूस त्या कडांवरच सापडतो. रोज भिंग घेऊन शोधते. अहो, फार आठवण येते.

तेव्हा अनुया, छापशील तर पूर्ण चौकट छाप. लोक म्हणतील, म्हातारीला कॉम्पोझिशन कळत नव्हतं. म्हणू देत.

४. हे गेल्यानंतर मी काढलेले फोटो मात्र अपूर्वने न्यावेत. सगळे म्हणतात, आता हात बसलाय, कडा अगदी स्वच्छ येतात. त्यांत कातरण्यासारखं काही उरलेलं नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: कुमुद उदयसिंह मोहिते

साक्षीदार:
शांती काळूराम कोळी, मोरा
डॉ. प्रांजल देवस्थळी, पनवेल

ठिकाण: पनवेल
दिनांक: १४ डिसेंबर २०२४