इथरला नावं ठेवणे

४ जून, सकाळ
केमिकलचं गोदाम बंद झाल्यापासून घरीच आहे. माणूस बसून राहिला की गंजतो, असं बायको सारखं म्हणते. आज निर्णय पक्का: केमिस्ट्रीचे क्लासेस काढायचे. इतकी वर्षं इथरच्या पिंपांवर लेबलं चिकटवली. माझ्याइतकी इथरची नावं कोणाच्या हाताखालून गेली असतील? बी.एस्सी. अर्धवट राहिलं, हा निव्वळ तांत्रिक मुद्दा.

६ जून
पहिली अ‍ॅडमिशन! मेहुणीची मुलगी, बारावीला आहे. बायकोने परस्पर ठरवलं. घरचीच पोर आहे, फी मागू नका म्हणाली. ठीक. मोठे क्लासवालेसुद्धा आधी फुकटच शिकवतात.

९ जून
पहिला धडा. विषय: इथरचं नामकरण. मी अगदी सोपं करून टाकलं. मधे ऑक्सिजन, त्याच्या एका हाताला एक कार्बन, दुसऱ्या हाताला दोन. आता घरात आधी मान कोणाला? मोठ्याला. म्हणून मोठ्या बाजूचं नाव पुढे: इथॉक्सीमिथेन. पोरगी वहीकडे बघत राहिली. भारावली असावी.

१० जून
भाची म्हणाली, "काका, पुस्तकात मेथॉक्सीइथेन दिलंय." मी म्हटलं, छपाईची चूक. ती "बरं" म्हणाली. गुणी पोर आहे. वाद घालत नाही.

११ जून
प्रकाशकाला ई-मेल केला. चूक एका ठिकाणी नाही, अख्ख्या प्रकरणात आहे. पुढच्या आवृत्तीत माझे आभार मानले तर हरकत नाही, असंही कळवलं.

१५ जून
प्रकाशकाचं उत्तर नाही. वरमले असणार.
उद्यापासून पहाटे उठून अल्डिहाइड वाचायचे.

१६ जून
उठलो नाही. उशी बदलायला हवी.

१९ जून
बाजारपेठेतल्या मोठ्या क्लासला ऑरगॅनिकचा मास्तर हवाय. फोन केला. मालक म्हणाले, सोमवारी पोरांसमोर एक तास शिकवून दाखवा. बायकोला सांगितलं तर तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "तिथेच?" म्हणाली. मग म्हणाली, "दुसरा कुठला क्लास बघा ना." माझी झेप तिला पेलत नाही.

२० जून
आज भाचीसुद्धा म्हणाली, "काका, तिथे इथर नका घेऊ. दुसरं काहीही घ्या." मी हसलो. सचिन बॅट घरी ठेवून मैदानात जाईल का?

२२ जून, दुपार
शिकवून आलो.
वर्ग गच्च भरलेला. मालक मागे हाताची घडी घालून उभे. मी फळ्यावर इथर काढलं, मोठ्याच्या मानाचं सांगितलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: इथॉक्सीमिथेन. आधी कुजबुज झाली. मग एक चष्मेवाला उठला आणि म्हणाला, "सर, उलटं झालं. लहान बाजू ऑक्सिजन घेऊन पुढे लागते. मोठीचं नाव शेवटी, आडनावासारखं." मी म्हटलं, ते जुनं पुस्तक वाचतोस तू. सगळा वर्ग हसला.
एकच जण हसलं नाही. तिसऱ्या बाकावर, खाली मान घालून, भाची.

२२ जून, संध्याकाळ
बायकोला विचारलं. भाची एप्रिलपासून त्या क्लासला जाते. रोज दुपारी तिथे, मग पाच वाजता माझ्याकडे. मग माझ्याकडे कशाला? बायको कणीक मळत होती. मळतच राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसायचात. मीच तिला म्हटलं, तासभर ये."
मी म्हटलं, म्हणजे रिव्हिजनला येते. बायकोने कणकेवर ओलं फडकं टाकलं.

२३ जून
पाच वाजता भाची आली. मी पांघरूण ओढून झोपेचं सोंग घेतलं. बायको दारातच म्हणाली, "झोपलेत." भाची म्हणाली, "मावशी, मी थांबते." थांबली. कूस बदलायचीही सोय राहिली नाही. अंग आंबून गेलं. ती गेल्यावर उठलो.

२५ जून
क्लासच्या मालकांचा फोन. आवाज भारदस्त आहे म्हणाले, ऑफिसात चौकशीचे फोन घ्याल का? याला अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणतात. एकदा आत शिरलो की वर्गापर्यंत किती अंतर? पॅसेजच काय तो मधे. हो म्हटलं.

१ जुलै
नोकरीचा पहिला दिवस. टेबल जिन्याखाली. उभं राहिलं की डोकं आपटतं.
वर्ग सुटला. पोरं समोरूनच जातात. चष्मेवाल्याने "इथॉक्सी सर, नमस्कार" म्हटलं. भाची थांबली, सगळ्यांसमोर "काका, डबा खाल्लात का?" म्हणाली. मी रिसीव्हर कानाला लावला. फोन आलेला नव्हता.
नंतर खरा आला. एक बाई. मुलगा ऑरगॅनिकमध्ये कच्चा आहे, शिकवायला कोण आहे, अनुभव किती, सगळं विचारलं. सगळं नीट सांगितलं. त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, "तुम्ही फार छान समजावता हो. तुम्ही काय शिकवता?"
मी राँग नंबर म्हणालो आणि फोन ठेवला.