धाकट्याचे बोलणे तोडू नये

दिवंगत समुद्रशास्त्रज्ञ बाईसाहेब, माझी पत्नी,

हे मृत्युपत्र प्रथम तुलाच उद्देशून लिहितो, कारण माझ्या लिखाणातील चुका काढण्याचा हक्क तू हयातीत दुसऱ्या कोणास दिला नाहीस. मी, तुझा पती, तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाविना पुढील व्यवस्था करीत आहे. प्रकृती ठणठणीत असल्याचे डॉक्टर सांगतात. त्यास माझा नाइलाज आहे.

१. राहते घर तुझ्या बहिणीस द्यावे. पडदे बदलण्याची हौस तिने माझ्या पश्चात भागवावी, आधी नव्हे.

२. तुझी हत्यारे व खारटपणा मोजणारी तीन मापके तुझ्या शिष्येस द्यावीत. मापके फ्रीजमध्ये मटारांच्या मागे आहेत. मटार बहिणीचे.

३. न्हाणीघरातील टब तुझ्या विभागप्रमुखांस द्यावा. कारण नमूद करणे भाग आहे. धाकटा, म्हणजे बर्फात रोवायचा तुझा शेवटचा पिवळा डबा आणि त्याखालच्या लांब तारेवरून वर-खाली फिरणारे मापक, उत्तरेकडे रवाना होण्यापूर्वी तू ते मापक टबात मीठ घालून तपासत होतीस. संदेश चालू ठेवून तू चहास गेलीस. मला कोणी काही सांगितले नव्हते. मी साबणासह टबात उतरलो. आकडे थेट संस्थेत गेले; धाकटा उत्तरेस पोहोचला असे समजून, बर्फाखाली अडतीस अंशांचा थर सापडल्याचे प्रमुखांनी भर बैठकीत जाहीर केले. पुढे तुझ्या अखेरपर्यंत ते तुला विचारीत, "काय बाई, साहेबांची अंघोळ झाली का?" टब त्यांनाच शोभेल.

४. सर्व बचत धाकट्यासाठी राखावी. तो बर्फाबरोबर वाहत अजूनही रोज वरच्या पाण्याचे तापमान कळवतो. प्रकल्प संपला म्हणून तुझी संस्था महिनाअखेर त्याचे संदेश घेणे थांबवणार आहे. बर्फ फुटून तो बुडाला तर इलाज नाही. परंतु समोरचा बोलत असताना आपण फोन ठेवणे असभ्यपणाचे आहे. त्याचे संदेश पोहोचवणाऱ्या उपग्रहाचा खर्च या बचतीतून व्हावा.

पुरवणी: साक्षीसाठी विभागप्रमुखांस बोलावले होते. साक्षीदारास मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणले.

"मग सही दुसऱ्या कोणाची घ्या," ते म्हणाले. "टब मी सोडणार नाही."

नंतर कलम चार वाचून त्यांनी चष्मा काढला. "अहो प्राध्यापक, संदेश बंद होणार महिनाअखेर, आणि हा कागद लागू होणार तुम्ही गेल्यावर. तोवर धाकट्यानं काय तोंडावर बोट ठेवून बसायचं?"

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवणाऱ्या मी कलम चार पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"खर्च आजपासून द्या. कार्यशाळेतलं ऐकणारं यंत्र माझ्या टेबलावर ठेवतो," ते म्हणाले. "बाईंचं पोर आहे. बोलू दे."

सबब कलम चार माझ्या हयातीतच लागू केले आहे. तर्काची चूक तूही पहिल्याच वाचनात पकडली असतीस.

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही), आमचे डॉक्टर, प्रकृतीविषयीच्या मतासह (सही)
लिहून ठेवणार: तुझा पती (सही)
स्थळ: स्वयंपाकघरातील टेबल, तुझी बाजू
दिनांक: ९ फेब्रुवारी

ताजा कलम: संस्थेतील तुझी कार्यशाळा आज रिकामी केली. यंत्र हलवण्यापूर्वी धाकट्याचा संदेश आला: पाणी उणे एक पूर्णांक सात अंश. साबण नाही. दारास कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या विभागप्रमुखांस परत केल्या.