शक्तिमान गाडी, तिचा पंप आणि न फुटलेला नारळ

मी, ज्योत्स्ना निवृत्ती ओव्हाळ, वय अठ्ठावीस, राहणार टाकवे बुद्रुक, तालुका मावळ, जिल्हा पुणे, तळेगावच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरले आहे. पण घाबरलेलं माणूस आणि मन ठिकाणावर नसलेलं माणूस यांत फरक असतो. माझं मन ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. ते कोणी मागितलं नव्हतं.

आमच्या घरात याआधी कोणीच मृत्युपत्र केलेलं नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत होतो, काही न लिहिता गेले आणि मागे अर्धीच आमची असलेली एक गाडी ठेवून गेले. तसं माझ्या मागे होऊ नये म्हणून हा कागद.

कलम १. बँकेतली माझी बचत आणि भविष्य निर्वाह निधी माझी आई येसूबाई हिला मिळावा. दोन्ही ठिकाणी तिचंच नाव दिलेलं आहे, तरी पुन्हा लिहिते. माझ्या पदवीचा कागद तिने आधीच फ्रेम करून आपल्या ताब्यात घेतला आहे, तो तिच्याकडेच राहावा. घरातली ती पहिली पदवी. पाहुणा आला की चहाच्या आधी आई तो कागद दाखवते. हे थांबवावं असं मी बरेचदा म्हटलं, आता म्हणत नाही.

कलम २. राहतं घर आईच्या नावे आहे, त्यावर माझा हक्क नाही. मागची पत्र्याची शेड मी माझ्या पगारातून उभी केली. ती भाऊ पवन याला द्यावी. मात्र कलम ३ मधली गाडी आत आहे तोवर शेड हलवू नये.

कलम ३. गाडीबद्दल. हे कलम लांबणार आहे.

सैन्याच्या लिलावात निघालेली जुनी शक्तिमान, म्हणजे सैन्याचा मोठा ट्रक, अण्णांनी आणि नथू धोंडिबा असवले यांनी मिळून घेतली. नथूआबा गावचे शेतकरी, आमच्या वरच्या आळीचे. अण्णा खाणीवर डोझर चालवायचे. पुढे लोकांनी बरंच काही म्हटलं, म्हणून स्पष्ट लिहिते, की या गाडीतून दोघांना एक पैसा मिळवायचा नव्हता. खडीवाहतूक नाही, लग्नाची वरात नाही. मोडलेली मोठी यंत्रं पुन्हा चालती करायची हौस, एवढंच. अण्णांचं कामावर डोझर चालवून मन भरत नव्हतं, सुटीच्या दिवशीही त्यांना असंच काहीतरी लागायचं. नथूआबा म्हणायचे, "निवृत्ती, तुला माणसांपरीस लोखंड बरं वाटतंय." अण्णा म्हणायचे, "लोखंड गप ऱ्हातंय, नथू. तुजं तसं न्हाई."

चेसिस आणि इंजिन लिलावातलं होतं. डिझेलचा पंप मात्र मूळ गाडीत नव्हता. तो नथूआबांनी सोमाटण्याच्या एका भंगारवाल्याकडून स्वतःच्या पैशाने आणला. हे मी मुद्दाम लिहिते. पुढे पंप गेला तेव्हा आमच्या भावकीत चोरी हा शब्द निघाला होता. ती चोरी नव्हती. कोणी पुन्हा म्हटलं तर हे कलम वाचून दाखवावं.

गाडी सुरू करायचा दिवस दसऱ्याचा ठरला. नथूआबांचा दसरा, आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. दिवस दोघांनाही चालत होता. भांडण दिवसावरून झालं नाही.

नथूआबा हार, हळदकुंकू आणि नारळ घेऊन आले. अण्णांनी हार घालू दिला. नारळ पाहून म्हणाले, "ह्यो न्हाई." माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या उंबऱ्याच्या आत कोणापुढेही नारळ फुटलेला नाही.

नथूआबा म्हणाले, "गाडीफुडं फोडतोय, तुज्याफुडं न्हाई."

"माज्या दारात फोडतोयस."

"नारळाबिगर गाडी हलवायची न्हाई, निवृत्ती. माज्या बापानं बैलगाडी हलवली न्हाई."

"माज्या बापानं शपथ घेतली हाय."

तेव्हा आई दारातून म्हणाली, "फोडायचाच हाय तर माज्या पाट्यावर फोडा, भावजी. चटणी तरी व्हईल."

कोणीच हसलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, मीही हसले नाही. त्या वाक्यात सगळी वाट होती. आमच्यातल्या एकानेही ती धरली नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

नथूआबा बॉनेटवर चढले आणि म्हणाले, "मंग माजा पंप मी न्हेतो." डिझेलचा पंप काढणं म्हणजे झटक्यात होणारं काम नाही. नळ्या सोडवाव्या लागतात, बोल्ट अडकलेले असतात. सवयीने त्यांनी मागे हात केला आणि म्हणाले, "सतरा-अठराचा पाना दे." आणि अण्णांनी सवयीने तो दिला. पुढचा बराच वेळ एकजण काढत होता आणि दुसरा लागेल ते हातात देत होता. त्या वेळात कोणीही एक वाक्य बोलू शकलं असतं. मग एका हातात पंप, दुसऱ्या हातात नारळ घेऊन नथूआबा फाटकाबाहेर गेले.

त्यानंतर ते फाटकाच्या आत आले नाहीत. अण्णा गेले तेव्हा रस्त्यावर उभे राहिले, स्मशानापर्यंत मागून चालत आले आणि तिथूनच परत गेले. अण्णा आजारपणात एकदा म्हणाले होते, "नथू आला व्हता का?" मी म्हटलं, नाही. "बोलवू का?" असं विचारायचं माझ्या मनात आलं. त्यांना कमीपणा वाटेल म्हणून विचारलं नाही.

अण्णांनंतर रविवारी रविवारी मी गाडीचं काम केलं. केबिनचा तळ नवा घातला, वायरिंग बदललं, हिरवा रंग दिला. प्रदीपकाका भर जेवणावळीत म्हणाले, "पोरीला शिकवलं कशाला, गाडीखाली लोळायला?" माझा ग्रीसने भरलेला डगला त्यांना द्यावा असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. डगला धुऊन पवनने वापरावा.

आता वाटा. आई आणि पवन यांनी आपला हक्क माझ्या नावे लेखी सोडला आहे, त्यामुळे गाडीचा अर्धा भाग माझा आणि अर्धा नथूआबांचा आहे. माझा अर्धा मला त्यांनाच द्यायचा होता. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला उभं राहू नये, उद्या शंका निघते. मी वरच्या आळीत जाऊन नथूआबांना विचारलं, वाटा घेता की साक्षीला येता? ते गोठ्यात होते. शेणाचे हात तसेच ठेवून म्हणाले, "वाटा घेऊन काय करू, पोरी? निवृत्तीच्या लेकीचा कागद हाय. सही मी करनार."

म्हणून माझा अर्धा भाग पवनला देत आहे. पवन, तुझं मत मला माहीत आहे. कुरवंड्याच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टवाल्याला गाडी फाटकाशी उभी करून दिवे लावायचे आहेत, लोक फोटो काढतील. तू म्हणालास, "ताई, बिनपंपाची गाडी, निदान कोणी बघेल तरी." तुझं बोलणं चूक नव्हतं. तरी त्याला विकू नये. तुला अगदीच जड झाली तर तुझा वाटा नथूआबांना किंवा त्यांच्या वारसांना विनामोबदला द्यावा.

गाडी कधी सुरू झाली तर नारळ आईच्या पाट्यावर फोडावा आणि चटणी दोन्ही घरांनी खावी. सुरू झाल्यावर ती कुरवंड्याला नथूआबांच्या बहीण लीलाबाई यांच्या दारापर्यंत न्यावी, असं दोघांनी त्यांना कबूल केलं होतं. मात्र नोंदणी झाल्याशिवाय ती डांबरी रस्त्यावर आणू नये. लीलाआत्यांना आणखी थांबावं लागेल, त्याबद्दल मी त्यांची माफी मागते.

कलम ४. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. त्या दिवशी फाटक उघडं ठेवावं. नुसतं लोटलेलं नको, पूर्ण उघडं.

कलम ५. (हे कलम आज सह्यांपूर्वी मी हाताने वाढवलं आहे.) नथूआबा सकाळी सहीसाठी आले. फाटकाशी थांबले, आईने "या भावजी" म्हटल्यावर आत आले. काखेत गोणपाटात गुंडाळलेला पंप होता. मी म्हटलं, "आबा, साक्षीदाराला काही घेता येत नाही." ते म्हणाले, "घ्यायचं न्हाई, बरं. पन द्यायचं न्हाई असं कुटं लिवलंय?"

मला तसं कुठे सापडलं नाही. म्हणून पंप आता गाडीचा भाग समजावा.

पंप बाहेरून चकचकीत आहे. फिरवून पाहिला तर हलत नाही. नथूआबांनी तो पुन्हा दोन्ही हातांनी फिरवून पाहिला. म्हणाले, "दर दसऱ्याला तेलाचा हात फिरवत हुतो. आतून गंज कवा धरला, कळलं न्हाई."

पंप मोकळा व्हावा म्हणून मी तो डिझेलात बुडवून शेडमध्ये ठेवला आहे. मी परत आले तर मी उघडेन. नाही आले तर नथूआबांनी उघडावा. अण्णांचा सतरा-अठराचा पाना आत खिळ्याला लटकवला आहे. तो पवनने त्यांच्या हातात द्यावा. त्यांनी मागायची वाट पाहू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही: ज्योत्स्ना निवृत्ती ओव्हाळ

साक्षीदार:
१. नथू धोंडिबा असवले, शेती, राहणार टाकवे बुद्रुक
२. सविता आदिनाथ शेटे, नोकरी, राहणार तळेगाव दाभाडे

ठिकाण: टाकवे बुद्रुक, घरामागची शेड
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५