भूत न येणारी खोली

४ मार्च
आईला भुताचा गेम आवडला! म्हणजे गेम नव्हे, त्यातल्या एका खोलीतलं संगीत. त्या खोलीत भूत शिरत नाही. तिथल्या घड्याळाला किल्ली दिली की खेळ सेव्ह होतो. मी किल्ली देऊन निघाले, तर मागून म्हणाली, "थांब गं, वाजू दे जरा."

६ मार्च
गिटारचे मोजके सूर, मागे टेपची खरखर. बस्स! साउंडच्या कामात कान पिकलेत माझे, उगाच कौतुक करत नाही. शेवटचा सूर टेकतच नाही, हळूच पहिल्याकडे वळतो. उठावंसंच वाटत नाही. दाराबाहेर भूत नसतं तर एवढं गोड लागलं असतं का? छे! भुकेला कोंडा.

९ मार्च
जिन्यावरून पडल्यापासून आई खाली उतरलेली नाही. डॉक्टर म्हणाले, "पाय ठणठणीत आहे. आता भीती तेवढी काढा." मी काढणार! परगावच्या स्टुडिओने नोकरी देऊ केलीय, त्यांना कळवलं — माझं येणं पक्कं समजा, आई हिंडूफिरू लागली की आलेच. तिला अशी टाकून कशी जाऊ?

११ मार्च
जिन्याच्या वळणावर मोबाइल ठेवून तेच संगीत लावलं. काय डोकं चाललं माझं! आई कठडा धरून वळणापर्यंत आली. चक्क! मग भर्रकन वर.

१२ मार्च
आज नाही म्हणाली. हरकत नाही.

१५ मार्च
आईने गेमचा रिमोट हातात घेतला. "दाराचं बटण कुठलं?"
"अगं, बाहेर ते कुऱ्हाडवालं भूत आहे!"
"असू दे. किती वेळ किल्ल्या देत बसायचं माणसानं?"
उघडलं दार. दोन पावलांत मेली! खेळ पुन्हा त्याच खोलीत सुरू झाला, तेच संगीत. पोट धरून हसत सुटली. "म्हणजे परत इथेच येता येतं होय!"

१६ मार्च
अंघोळ करून आले तर खुर्ची रिकामी. खिडकीतून पाहिलं — आई खाली शिंप्याच्या दुकानापाशी, काठी टेकून गप्पा मारतेय! वर बघून ओरडली, "उतरले बघ! आता तू कधी निघतेस?"
आनंदाने रडूच आलं. मग खिडकी लावून घेतली. खोलीतलं संगीत चालूच होतं. बंद करवेना.

१७ मार्च
स्टुडिओचा फोन आला. म्हटलं, आईचा पाय अजून बरा नाही. आई समोरच चपला घालत होती.