ऐकीव शब्द चालणार नाही

॥ श्री ॥

शिंदखेडा,
ता. २४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नूतन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

'सौ.' लिहिताना हात अडखळला. हे पत्र तुझ्या ट्रंकेत, हिरव्या शालूच्या घडीत ठेवते आहे. तू जळगावला पोचून साड्या लावायला घेशील तेव्हा सापडेल. माझा गुडघा बरा असता तर तुझ्याबरोबर मीच आले असते. नवरीसोबत सासरी जाते तिला पाठराखीण म्हणतात. तुझी आजी नवरी होऊन आली तेव्हा शेजारच्या भिकुबाईची सासू आली होती. आताच्या पोरी म्हणतात, कशाला कोण हवं, फोन आहे की.

तर माझा पहिला शब्द हाच, पाठराखीण. तू सहावीत होतीस तेव्हापासून आपण हा खेळ खेळतो आहोत. तो सासरी गेल्यावर बंद पडता कामा नये. दर पत्रात एक शब्द, त्याचा अर्थ, आणि नियम तोच. ऐकीव शब्द चालणार नाही, पुस्तकातला तर नाहीच. जो शब्द स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंगावरून गेला असेल तोच पाठवायचा. मार्क मी देणार. पस्तीस वर्षं मास्तरीण होते, तेवढा हक्क सोडणार नाही.

आई-बाप नसलेल्या भाचीला या आत्यानं फार लाडावलं, असं गाव म्हणतं. म्हणू दे.

पत्र लिहायला आळस केलास तर मायेत काटछाट होईल, हे ध्यानात ठेव.
तुझी
उषाफुई


॥ श्री ॥

मेहरूण, जळगाव,
ता. ५ जानेवारी २०२५

ती. उषाफुईस,
शि. सा. न. वि. वि.

शालू आज उघडला, तेव्हा तुझं पत्र मिळालं. दीड महिना ते माझ्या उशाशी होतं आणि मला पत्ता नाही!

घर छान आहे. गच्चीवरून मेहरूणचा तलाव दिसतो. सासूबाई जास्त करून नाशिकला मोठ्या जाऊबाईंकडे असतात, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. स्वप्नीलची खतांची एजन्सी आहे, दिवसभर गावोगाव फिरतात. माझा फोन सध्या त्यांच्याकडेच असतो, म्हणून तुझे फोन लागत नाहीत. पत्रं मात्र चालतील म्हणाले. ती आलेली-गेलेली ते वाचतात, वाचून हसतात. म्हाताऱ्या मास्तरणीचा पोरखेळ म्हणतात. पोस्टात स्वतः टाकतात.

माझे शब्द दोन. टप्पल: मागून येऊन डोक्यावर मारलेला हलका पंजा. भाजीत मीठ कमी असेल तेव्हा वापरतात. दुसरा धपाटा, तो तुला ठाऊकच आहे. मार्क भरपूर दे.

भिकुबाईला नमस्कार सांग. गुडघ्याला तेल लाव, आणि मला विसरायचं धाडस करू नकोस.
तुझी
नूतन


॥ श्री ॥

शिंदखेडा,
ता. २२ जानेवारी २०२५

चि. सौ. नूतन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

दहापैकी सात! टप्पल फार गोड शब्द. नवं लग्न, जावईबापूंची थट्टामस्करी चालली आहे, असं मी भिकुबाईला वाचून दाखवलं. ती तुझी रोज चौकशी करते, पोरगी बरी शे ना म्हणून.

तीन मार्क कापले, कारण मारायच्या शब्दांत आपल्या भाषेइतकी श्रीमंत भाषा नाही आणि तू दोनच पाठवलेस. धपाटा आणि रट्टा यांत फरक काय? गुद्दा कुठला? नीट फोड करून लिही.

अक्षय तृतीया, आपली आखाजी, एप्रिलच्या शेवटी आहे. तुझी पहिली आखाजी! आत्तापासून सांगून ठेव. गौराई बोळवायला नदीवर गेल्यावर आपली वरची गल्ली आणि मोहिनीची खालची गल्ली यंदाही काठावर उभ्या राहून शिव्या घालतील, चार खडेही फेकतील. मागच्या साली तुझी पाळी आली तेव्हा तू काय ओरडलीस आठवतं? 'तुमच्या घरचं भरीत अळणी!' खालच्या गल्लीच्या बाया हसून हसून वाळूत बसल्या. घराण्याची अब्रू घालवलीस.

म्हणून माझा शब्द: फटकळ. जिची जीभ मनाला न विचारता चालते ती. मी आहे, तू नाहीस. शिकून घे.

पुढच्या पत्राला उशीर केलास तर रागावेन, आणि माझा राग तू पाहिला आहेस.
तुझी
उषाफुई


॥ श्री ॥

मेहरूण, जळगाव,
ता. १८ फेब्रुवारी २०२५

ती. उषाफुईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मागितलीस तशी फोड करते.

धपाटा उघड्या पंजाचा. आवाज मोठा, शेजारी ऐकू जातो, म्हणून खिडक्या लावून देतात. रट्ट्यात सगळ्या हाताचा जोर असतो. आवाज घरातच राहतो आणि मारणाऱ्याला लगेच जेवायला बसता येतं. ज्याला बसतो त्याचा श्वास थोडा वेळ परत येत नाही. गुद्दा मुठीचा, बरगडीत. त्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी शिंक आली की समजतो. कानफटात कानावर बसते. मग त्या कानात रातकिडा येऊन बसतो आणि उठत नाही. डाव्या कानात.

आणि बुकलणे. गुद्दे किती झाले हे मोजायचं आपण सोडून देतो, त्याच्यापुढचं सगळं बुकलणे.

तब्येत ठीक आहे. कामाला लागते. तू जप.
तुझी
नूतन

ता. क. — फुईंना जावयाचा नमस्कार. आपल्या खेळात माझीही एक भर: चौदावे रत्न. समुद्रमंथनातून चौदा रत्ने निघाली, त्यांतले शेवटचे म्हणजे चाबूक, असे आमचे आजोबा सांगत. ते दाखवल्याशिवाय माणूस सुधारत नाही. मलाही मार्क द्यावेत! — स्वप्नील


॥ श्री ॥

शिंदखेडा,
ता. ३ मार्च २०२५

चि. सौ. नूतन हिस आशीर्वाद.

शून्य. मोठ्ठं शून्य! जावईबापूंना पाच, त्यांनी निदान घरचा शब्द पाठवला.

तू मला फसवायला निघालीस? इतकी बारीक फोड तुझ्या डोक्यातून निघणं शक्य नाही. एवढे शब्द एका दमात फक्त शब्दकोशात सापडतात. वर रातकिडा वगैरे लावून सजवलंस. आपला नियम तुला माहीत आहे आणि तू तो मोडलास. तीस-तीस पोरांच्या नकला पकडलेली बाई आहे मी.

राग जाईपर्यंत माझ्याकडून शब्द नाही. खरं काय ते लिही, मग माया पूर्ववत सुरू होईल.
तुझी
उषाफुई


॥ श्री ॥

मेहरूण, जळगाव,
ता. १९ मार्च २०२५

ती. उषाफुईस,
शि. सा. न. वि. वि.

फुई, नियम मोडलेला नाही.

नवा शब्द: ढोरमार. बैल बसला की त्याला उठवायला मारतात तसा, आणि उठल्यावरही मारतात तो.

नियम मोडलेला नाही.
तुझी
नूतन


॥ श्री ॥

शिंदखेडा,
ता. २७ मार्च २०२५

चि. सौ. नूतन हिस खूप खूप आशीर्वाद.

शून्य मागे घेते. मार्क देणंही आता बंद. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. पत्र वाचून दोन दिवस अन्न गेलं नाही.

तुला भाऊ नाही. म्हणून यंदाचा शब्द मी पाठवते: मुऱ्हाळी. लेकीला सासरहून माहेरी न्यायला येतं ते माणूस. पहिल्या आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे, हा खानदेशचा रिवाज जावईबापूंनाही ठाऊक असणार. आखाजीच्या आधीच्या शनिवारी, २६ एप्रिलला, सकाळच्या गाडीने मी येते. भिकुबाई येते. मोहिनीही येते म्हणाली, खालच्या गल्लीच्या बाया घेऊन. त्यांना जळगाव बघायचं आहे.

पिशवी भरून ठेव. तोवर जिवाला जप, एवढंच मागणं.
तुझी
उषाफुई


जळगाव,
ता. १४ एप्रिल २०२५

ती. उषाफुईंस,
सा. न. वि. वि.

सौ. नूतन न्हाणीत घसरून पडल्याने तिचे उजवे मनगट मोडले आहे. प्लास्टर घातले आहे. तिच्या वतीने मीच लिहीत आहे. या स्थितीत यंदा तिला आखाजीला पाठवणे शक्य नाही. आपण येण्याची तसदी घेऊ नये. शब्दांचा पोरखेळही आता पुरे, तिचे संसारात लक्ष लागत नाही.

खाली तिची डाव्या हाताची सही आहे.
कळावे,
आपला जावई
स्वप्नील

नूतन


॥ श्री ॥

शिंदखेडा,
ता. ६ मे २०२५

ती. उषाफुईस, धुळ्याच्या दवाखान्यात,
शि. सा. न. वि. वि.

प्लास्टर अजून निघालं नाही, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर शेळीच्या लेंड्यांसारखं सांडलं आहे, मार्क कापू नकोस. डॉक्टर म्हणाले, तू शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतेस, मग पुढे काय झालं? भिकुबाई सांगायला लागली की मध्येच रडते, म्हणून मीच लिहिते.

तुला आठवतं ते असं असेल. त्या शनिवारी मेहरूणला तू ओट्याच्या पायरीवर उभी राहून म्हणालीस की मी मुऱ्हाळी आले आहे, लेक बाहेर पाठवा. स्वप्नील हसले. मग दोन्ही हातांनी तुला ढकललं. तुझं डोकं पायरीच्या कडेवर आपटलं आणि पांढऱ्या पातळावर रक्त पसरत गेलं. मी दारातून पाहत होते. मला वाटलं तू मेलीस.

आधी भिकुबाईचं तोंड उघडलं. फुई, आखाजीला ती हात राखून शिव्या देते, हे मला त्या दिवशी कळलं. मग मोहिनी. आयुष्यभर आपल्याला समोरच्या काठावरून खडे मारणाऱ्या त्या बायांनी समोरच्या रस्त्याच्या कामाची खडी ओच्यात भरली. त्यांचा नेम काय आहे! खिडक्यांच्या काचा गेल्या, गाडीची काच गेली, एक खडा स्वप्नीलच्या भुवईवर बसला आणि डोळा रक्ताने भरला. त्यांनी माझे केस धरले, मला फरफटत स्वयंपाकघरात नेलं आणि कडी लावली. बाहेर बाया दार बडवत होत्या. आत त्यांनी माझा प्लास्टरचा हात ओट्याच्या काठावर ठेवला आणि वर स्वतःच्या हाताचा भार द्यायला लागले. आता दुसऱ्यांदा मोड, असं म्हणाले.

मी ओरडले नाही. खलबत्ता हाताशी होता. बत्ता डाव्या हातात आला. मी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि मारला. ते खाली बसले. उठायला लागले तेव्हा त्याच गुडघ्यावर पुन्हा मारला. मग उठले नाहीत.

मग मला शिव्या आल्या. कुठून आल्या माहीत नाही. कडी काढली तरी मी बोलतच होते, बाया दारात उभ्या राहून ऐकत होत्या. या वेळी भरितावर थांबले नाही. मोहिनीने आपला पदर फाडून तुझं डोकं बांधलं आणि तुला शेजाऱ्यांच्या गाडीत घातलं. जळगावच्या डॉक्टरांनी तुला पुढे धुळ्याला हलवलं. पोलीस आले. मी कान, बरगड्या, मनगट, सगळं लिहून दिलं. त्यांनीही माझ्यावर गुडघ्याची तक्रार दिली आहे. देऊ दे. हो, मारलं, म्हणून सांगितलं मी. खोटं कशाला बोलू?

आखाजी झाली. झोका बांधला, गौराई बोळवली. दोन्ही गल्ल्यांच्या बाया नदीवर एकाच काठाला बसल्या. मोहिनी म्हणाली, होता नव्हता तो साठा मेहरूणला संपला, यंदा शिव्या नाहीत. आता तू लवकर घरी ये. तुझ्याशिवाय घर खायला उठतं आणि मला अजून उजव्या कुशीवर झोपायची भीती वाटते, चांगला कान उशीत दबला की मागून कोणी आलेलं ऐकू येत नाही. तू शेजारी असलीस की वाटणार नाही.

माझा शब्द राहिला. टोला: हातातल्या वस्तूने, नेम धरून दिलेला एक घाव. आवाज कमी.

नियम मोडलेला नाही.
तुझी
नूतन